आजोबांची बिडी आणि नातवाची छाती

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत चहाच्या हॉटेलापुढच्या बाकड्यावर जरा वेळ बसावे आणि शेजारच्याने बिडी पेटवली की सहज म्हणून पाहावे, 'सोडा की हो आता ही.' उत्तर ठरलेले असते. 'काय होतंय? आमचा आजा नव्वद वर्षं जगला. रोज दोन बंडलं लागायची त्याला. गेला त्या दिवशी सकाळीसुद्धा बिडी ओढूनच गेला.' बाकड्यावरचे बाकीचे माना डोलावतात. कारण प्रत्येकाच्या घरात, भावकीत, निदान गावात असा एक आजा असतोच.

बँकेच्या नोकरीत या दोन जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या शाखांमधून माझी बरीच वर्षे गेली. उदगीर, कंधार, देगलूर, किनवट. भाषा थोडी बदलायची, देगलूरकडे तेलुगूचा वास यायचा, पण हा आजा सगळीकडे एकच. पीककर्जाला आलेल्या शेतकऱ्याने मला तो सांगितला आहे, गुरुजींनी सांगितला आहे आणि हातात सिगारेट धरून एका डॉक्टरसाहेबांनीही सांगितला आहे.

मला या युक्तिवादाबद्दल एक प्रकारचा आदर आहे. कारण तो खोटा नाही. आजा खरोखरच नव्वद वर्षे जगलेला असतो. दवाखान्याच्या भिंतीवरचे चित्र सांगते की बिडीने माणूस मरतो, आणि घरातला अनुभव सांगतो की मेला नाही. मग माणूस चित्रापेक्षा आजोबांवर विश्वास ठेवतो. त्यात त्याचे काय चुकले? आरोग्य खात्याने आजपर्यंत या आजोबांना उत्तर दिलेलेच नाही. विज्ञानाने मात्र गेल्या साठ वर्षांत ते शोधले आहे. आपल्या बाकड्यापर्यंत ते पोचलेले नाही, म्हणून आज हा विषय काढला.

आमच्याच घरातले उदाहरण सांगतो. माझे दोन चुलते. एका आईचे, एका माळवदाच्या घरात वाढलेले, एकाच विहिरीचे पाणी प्यालेले. दोघांनाही मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी. बंडलही एकाच दुकानातून यायचे. थोरले काका सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले, तेही पडल्याचे निमित्त होऊन. ऐंशीच्या घरातसुद्धा शिडी चढून माळवदावर तुरी वाळत घालायचे. धाकट्या काकांना मात्र पन्नाशीलाच बांधावरून घरापर्यंत चालत येईनासे झाले. रात्री अंथरुणावर उठून बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखे. साठी त्यांनी पाहिली नाही. गावाने त्याला दमा म्हटले. आमची आजी म्हणायची, 'त्याचा पिंडच नाजूक.' शिकलेले लोक या शब्दाला हसायचे. पण आजी बरोबर होती. निदान निम्मी तरी.

आता ही 'पिंडा'ची गोष्ट नीट पाहू.

दीर्घ श्वास घ्यायचा आणि एका नळीत जोराने फुंकायचे. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजते. छातीची ताकद मोजण्याची ही सगळ्यात साधी रीत. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो या इंग्रज संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या कामगारांना १९६१ पासून आठ वर्षे वारंवार असे फुंकायला लावले. निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि छातीच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत त्यांचा आलेख आजही छापला जातो. त्यांनी दाखवले ते असे. पंचविशीच्या आसपास माणसाची छाती पूर्ण भरते, आणि त्यानंतर प्रत्येकाचीच ताकद वर्षाला थोडी थोडी, साधारण पंचवीस-तीस मिलिलीटरने उतरू लागते. बँकेच्या भाषेत याला घसारा म्हणतात. यंत्र नुसते उभे राहिले तरी त्याची किंमत दरवर्षी उतरते, तसेच. धूम्रपान करणाऱ्यांपैकी काहींचा हा घसारा जवळपास इतरांइतकाच राहतो. काहींचा मात्र दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. पंचवीस-तीस वर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण निसर्गाने छातीत भरपूर शिल्लक ठेवलेली असते. शिल्लक निम्म्याखाली गेली की मग जिना चढताना धाप लागते आणि माणूस म्हणतो, 'आत्ताच काहीतरी झालं.' वास्तविक ते विसाव्या वर्षापासून चाललेले असते.

बिघडणाऱ्यांचे प्रमाण किती? शेकडा पंधरा-वीस, असे डॉक्टरांना पुष्कळ वर्षे शिकवले जाई. पुढे उत्तर स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसे म्हातारी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला आणि २००३ मध्ये सांगितले की धूम्रपान चालू ठेवून वय वाढलेल्यांत हा आकडा पन्नासच्या घरात जातो. म्हणजे रुपया उडवावा, छापा की काटा. तरीही उरलेले पन्नास राहतातच. थोरले काका राहतातच. ते का राहतात?

पहिला धागा सापडला तोही स्वीडनमध्येच, १९६३ साली, माल्मो शहरात. कार्ल-बर्टील लॉरेल हे प्रयोगशाळेचे प्रमुख रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांमध्ये एक पट्टी गायबच दिसली. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला त्यांनी या पाच माणसांचा शोध घ्यायला लावले, तर तिघांची फुप्फुसे फुगून निकामी झालेली निघाली. गायब प्रथिनाचे नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते यकृतात तयार होते. काम समजायला सोपे आहे. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंवर आपल्या पांढऱ्या पेशी एक पाचक रस सोडतात. तो सुरीसारखा असतो, जंतूही कापतो आणि मोकळा राहिला तर फुप्फुसाचे लवचिक धागेही कापतो. अँटिट्रिप्सिन हे त्या सुरीचे म्यान. बिडी-सिगारेटचा धूर दोन्हीकडून घात करतो. पांढऱ्या पेशींची गर्दी वाढवून सुऱ्या वाढवतो, आणि म्यानही भोसकतो. ज्याला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले, त्याच्याकडे म्यान मुळातच अपुरे. असा माणूस धूम्रपान करत नसला तर त्याला बहुधा पन्नाशीनंतर धाप लागते. करत असला तर चाळिशीच्या सुमारास. एक जनुक आणि एक काडी, मधे दहा-बारा वर्षांचे आयुष्य.

पण थांबा. हे सदोष जनुक उत्तर युरोपात पुष्कळ, आपल्याकडे अगदी विरळा. धाकट्या काकांचा हिशेब त्यावर मिटवता येत नाही. (दोघांकडून यावे लागणारे दोष आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्ने लावण्याच्या हौसेने एकत्र येतात, हा वेगळाच विषय. असो.)

पुढचा मोठा टप्पा २०१५ चा, ब्रिटनमधला. तिथे पाच लाख लोकांनी आपले रक्त, मापे आणि सवयी संशोधनासाठी देऊन ठेवल्या आहेत. त्यातून लेस्टर आणि नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी सुमारे पन्नास हजार माणसे निवडली, आणि निवड मोठी मार्मिक होती. भरपूर धूम्रपान करूनही छाती उत्तम असलेले, कधीही न करता छाती कमजोर असलेले, आणि दोन्ही गटांतले उलट टोकाचे व मधले. म्हणजे आमचे थोरले काका आणि धाकटे काका, पन्नास हजारांच्या पंक्तीत बसवलेले. त्यांची जनुके ताडून पाहिली तर काय दिसावे? ओढणाऱ्यांची छाती चांगली ठेवणारी जनुके आणि न ओढणाऱ्यांची छाती चांगली ठेवणारी जनुके बहुतांशी एकच निघाली.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. बाकड्यावरच्या युक्तिवादाचा अर्थ असा असतो की आजोबांच्या अंगात धुराला न जुमानणारे काहीतरी होते, आणि मी त्यांचाच नातू. पण संशोधन सांगते की धुराविरुद्धचे असे खास चिलखत बहुतेकांच्या बाबतीत नव्हतेच. आजोबांची सुरुवातीची ठेव मोठी होती. ती धुराने खाल्लीच, पण खाऊनही पुरली. ते बिडी न ओढते तर कदाचित नव्वदीत माळवदावर चढले असते. बिडीने आजोबांचे काय गेले, हे कुणी मोजलेच नाही, कारण नव्वदीच्या म्हाताऱ्याला धाप लागली तर आपण त्याला वय म्हणतो.

आणि नातवाचे काय? आजोबांच्या जनुकांतला सरासरी चौथा हिस्सा नातवाकडे येतो. सख्ख्या भावांतही सरासरी निम्मेच साम्य असते, आमच्या काकांनी ते दाखवलेच. त्यात छातीचे भवितव्य ठरवणारे जनुक एक असते तर गोष्ट निराळी. २०२३ मध्ये पाच लाख ऐंशी हजारांवर लोकांच्या तपासणीतून एक हजाराहून अधिक खुणा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा केसाएवढा. सगळ्यांची बेरीज केली तर मात्र फरक मोठा पडतो. २०१९ च्या अशाच एका अभ्यासात, युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये, सर्वांत वाईट जनुकसंचाच्या दशांश लोकांना सर्वांत चांगल्या दशांशापेक्षा श्वासनलिका कायमच्या आवळण्याच्या रोगाचा, म्हणजे सीओपीडीचा, संभव साडेचार पटींहून जास्त होता. पत्ते पिसून वाटल्यावर हजार पानांतली कोणती आपल्या हातात आली हे आजोबांच्या हातावरून सांगता येत नाही.

याच शोधात एक गोष्ट अशी निघाली की ती प्रत्येक बायकोने आणि सुनेने वाचावी. पंधराव्या गुणसूत्रावर निकोटीन पकडणाऱ्या कड्यांची जनुके आहेत. २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी दाखवले की या जागी विशिष्ट बदल असलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, आणि अशी माणसे सिगारेटी जास्त ओढतात हेही त्यातून पुढे आले. तेव्हा 'याला मनाचा हिय्याच नाही' असे ज्याला आपण घरात चारचौघांत ऐकवतो, त्याची तल्लफ शेजाऱ्याच्या तल्लफेपेक्षा खरोखरच मोठी असू शकते. सोडणे त्याला शक्य नाही असे नव्हे. त्याला जास्त मदत लागते, एवढेच.

जनुकांची गोष्ट निघाली की आणखी एक सावधगिरी हवी. सर रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातले थोर संख्याशास्त्रज्ञ, आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिसांचे स्नेही, कलकत्त्याच्या संस्थेत अनेकदा येऊन राहिलेले. तोंडात पाइप. १९५८ च्या सुमारास त्यांनी मांडले की धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलेच नाही. कदाचित एखादे जनुकच माणसाला धूम्रपानाकडे ओढत असेल आणि तेच कर्करोगही देत असेल. म्हणजे दोष पिंडाचा, तंबाखू बिचारी निर्दोष! फिशर त्या वेळी तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. त्यांचे म्हणणे पैशासाठी होते असे मी म्हणणार नाही, बुद्धिमान माणसाला स्वतःचा पाइप वाचवण्यासाठी पैसे लागत नाहीत. त्यांना उत्तर मिळाले जुळ्यांकडून. फिनलंडमध्ये असे जुळे भाऊ-बहिणी शोधले, ज्यांतला एक ओढतो आणि दुसरा नाही. बारा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. १९८९ चा निष्कर्ष असा की ओढणारा आधी जातो. एकसारख्या जुळ्यांची जनुके तीच, पिंड तोच, फरक फक्त धुराचा.

आता आपल्याकडे येऊ. ठेव मोठी की लहान हे जनुके ठरवतात, पण एकटी जनुके नव्हेत. आईच्या पोटात बाळ किती पोसले, लहानपणी न्यूमोनिया झाला का, घरात धूर किती होता, यांचाही त्यात वाटा असतो. डेव्हिड बार्कर यांनी १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या जुन्या जन्मनोंदी काढून दाखवले की जन्मतः वजन कमी असलेल्यांची छाती साठीतही कमजोर राहते. २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने सांगितले की सीओपीडीच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांचा घसारा इतरांहून फारसा जास्त नव्हताच. त्यांची सुरुवातच तोकड्या ठेवीवर झाली होती.

मराठवाड्याने हे वाचताना बहात्तरचा दुष्काळ आठवावा. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, मिलोच्या भाकरी. त्यातल्या किती जणी दिवस गेलेल्या अवस्थेत कामावर होत्या, ते कुणी मोजले नाही. त्या वर्षी जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. छातीची शिल्लक संपल्याचे कळते ते नेमके याच वयात. त्यांचा आजा कदाचित सुकाळात जन्मला असेल, निजामाच्या राज्यात का होईना, घरच्या गाईचे दूध पिऊन. त्याच्या बिडीचा दाखला या नातवाने कसा द्यावा? जनुके काही प्रमाणात तीच आली असतील, दूध आले नाही.

२०१३ मध्ये सतरा देशांतल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या निरोगी लोकांची छाती मोजली गेली. वय, उंची सारखी धरूनही दक्षिण आशियातल्या लोकांचे माप युरोप-अमेरिकेपेक्षा तीस टक्क्यांच्या आसपास कमी भरले. यात वंशाचा भाग किती आणि दारिद्र्याचा किती, यावर वाद आहे. डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे 'भारतीयांची छाती लहानच असते' असे धरून यंत्रातले प्रमाणच खाली ओढून घेत आणि कमी मापाला ठीक म्हणत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने वंशावर आधारलेली ही सूट सोडून द्यावी असे सुचवले. मला ते पटते. गरिबीचा तोटा वंशाच्या खाती टाकला की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. ताळेबंद जुळवण्याची ही युक्ती बँकेत चालली नसती.

आणि काकू? थोरल्या काकूंनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. चुलीपुढे मात्र पन्नास वर्षे बसल्या. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओल्याच. स्वयंपाकघराला धुराडे म्हणजे माळवदातले एक भोक. त्यांची ढास धाकट्या काकांसारखीच होती, पण तिला दमासुद्धा कुणी म्हटले नाही. 'तिला खोकायची सवयच आहे,' असे म्हटले गेले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहून जगाला बजावले की सीओपीडी हा फक्त ओढणाऱ्यांचा रोग नाही, चुलीच्या धुराचाही आहे. भारतातल्या २०१६ च्या आकड्यांवरून केलेल्या हिशेबात सीओपीडीच्या ओझ्यातला निम्म्याहून अधिक वाटा दूषित हवेचा निघाला, घरातल्या धुरासकट. तंबाखूचा साधारण पाव. उज्ज्वला योजनेचा गॅस २०१६ पासून गावोगाव आला हे चांगलेच झाले, पण भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून कितीतरी घरांत चुलीवरच होते, कारण पऱ्हाटी फुकट आहे आणि सिलिंडर नाही. घरात तोकडी ठेव घेऊन जन्मलेली सून, समोर चूल आणि मागे ओसरीवर सासऱ्याची बिडी. सासरा आपल्या छातीच्या भरवशावर ओढतो. धूर तिच्याही छातीत जातो.

बिडीबद्दल एक गैरसमज जाता जाता. किनवट-माहूरच्या रानातल्या टेंभुर्णीच्या पानाची, कागद नाही, कंपनीचा मसाला नाही, म्हणून ती सौम्य, असे मानणारे पुष्कळ. पान हवा सोडत नाही, बिडी विझू नये म्हणून जोरजोराने झुरके घ्यावे लागतात. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांची नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांचे मृत्यू सिगारेटवाल्यांपेक्षा कमी नव्हते, जास्तच होते. आणि छाती वाचली म्हणजे सुटलो असेही नाही. चेन्नईकडच्या २००३ च्या अभ्यासात क्षयाने मरण्याचे प्रमाण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट दिसले. तिथे नुसती ठेव मोठी असून भागत नाही.

मग प्रत्येकाची जनुके तपासून ज्याची छाती कच्ची त्यालाच बिडी बंद, असे का करू नये? लातूर पॅटर्नचा कुणी हुशार विद्यार्थी हे विचारील. मेंडेलचे वाटाणे त्याला तोंडपाठ असतात. स्वीडनने असे करून पाहिले. १९७२ ते १९७४ या काळात दोन लाख नवजात बाळांचे अँटिट्रिप्सिन तपासले. दोषी निघालेल्या बाळांच्या आईबापांची काळजीने इतकी दैना झाली की तपासणी बंद करावी लागली. पुढे ती बाळे मोठी झाली तेव्हा आढळले की आपला दोष ठाऊक असलेली ही मुले इतरांपेक्षा सिगारेटच्या वाटेला कमी गेली. म्हणजे माहिती उपयोगी पडली, पण तिची किंमत आईबापांनी भरली. आणि उरलेल्या, 'तुम्ही ठीक आहात' असे कळलेल्यांचे काय? आमच्या बाकड्यावर असा कागद एखाद्याच्या हाती पडला तर तो आजोबांऐवजी तो कागदच दाखवील.

शिवाय तो कागद आपल्याला लागू पडणार नाही. २०२३ च्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यातल्या ५,८०,८६९ लोकांत दक्षिण आशियाई वंशाचे फक्त ४,२७० होते. हजारात सातसुद्धा धड आठ नाहीत. दुसऱ्याच्या खातेवहीवरून नांदेडच्या माणसाची शिल्लक काढण्यासारखे ते होईल. आपल्या सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने देशभरातल्या ८३ समाजांतून दहा हजार लोकांचे जनुकवाचन करून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. हे पायाचे काम आहे. त्यावर छातीचे, धुराचे, चुलीचे अभ्यास उभे राहायला वेळ लागेल.

नांदेडकरांना तर दुसरा मार्ग रोज डोळ्यांसमोर आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग ज्या गोदाकाठी निवर्तले, त्या गावात तंबाखू वर्ज्य मानणारा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. त्या नियमात छाती कुणाची कच्ची आणि कुणाची पक्की असा प्रश्नच येत नाही. सगळ्यांना एकच नियम, म्हणून पाळायलाही सोपा आणि मुलाला समजावायलाही.

जनुकांची चाचणी राहू द्या, फुंकण्याची तरी करा. आपल्याकडे गल्लोगल्ली आरोग्य शिबिरे भरतात, साखर बघतात, रक्तदाब बघतात, पुढाऱ्यांबरोबर फोटो निघतो. फुंकायचे यंत्र मी अशा शिबिरात कधी पाहिले नाही. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बिडीवाल्याने आणि चुलीपुढे आयुष्य काढलेल्या प्रत्येक बाईने दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोनदा फुंकले, तर आपला घसारा कोणत्या दराचा आहे याचा ढोबळ अंदाज येईल. जनुके, दुष्काळ, धूर, सगळ्यांची बेरीज त्या एका आकड्यात येते. एरवी गावात काय चालते? धाप लागली की सलाईन, फारच झाले तर इंजेक्शन. 'पंपाची सवय लागते' म्हणून पंप नको, आणि बिडीच्या सवयीबद्दल कुणी बोलत नाही.

दर कळला आणि बिडी सोडली तर उपयोग होतो का? होतो. फ्लेचर-पेटोंनीच दाखवले होते की गेलेली छाती परत येत नाही, पण सोडल्यावर घसाऱ्याचा दर न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. १९९४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या जवळजवळ सहा हजार धूम्रपान करणाऱ्यांवरच्या अभ्यासाने तेच पक्के केले. पन्नाशीत सोडणाऱ्याच्याही पदरात वर्षे पडतात. धाकट्या काकांना हे सांगणारे त्या काळी गावात कुणी नव्हते.

आज आहे. १८००-११-२३५६ हा फुकट फोन आहे, तंबाखू सोडायला मदत करणारा, आणि २०१८ पासून तो पाकिटावर छापावा लागतो. अडचण एवढीच की आपल्याकडे पुष्कळ जण अख्खे बंडल घेतच नाहीत. टपरीवर दोन सुट्या बिड्या आणि दोरीला टांगलेला लायटर. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी घातली ती याचसाठी, की घेणाऱ्याच्या नजरेला पाकीट तरी पडावे. गेल्या आठवड्यात बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर मी उभा होतो. एक पोरगा आला, विशीतला, पाठीला पुस्तकांची पिशवी. त्याने दोन सुट्या मागितल्या. टपरीवाल्याने बंडल आपल्याच हातात धरून ठेवले आणि दोन काढून दिल्या.